२ राजेचा शेवट शिध्यावर का होतो?

निवृत्त कारकून
जय ख्रिस्त मंडळी. गुरुवारी आमच्या घरी प्रार्थनासभा आहे आणि बायबलातल्या २ राजे या पुस्तकाचा शेवटचा अध्याय २५ माझ्या वाट्याला आलाय. यरुशलेमचं मंदिर जळालं, तट पाडला, यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया, त्याच्या देखत त्याची मुलं मारून मग त्याचे डोळे काढले. यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी अडकलोय शेवटच्या चार वचनांत, २७ ते ३०.

सिद्कीयाच्या आधीचा राजा यहोयाखीन वयाच्या अठराव्या वर्षी गादीवर बसला, तीन महिन्यांत शरण गेला, बाबेलला रवाना झाला. कैदेच्या सदतिसाव्या वर्षी सुटका. कैद्याचे कपडे उतरवले, राजाच्या पंक्तीला जेवण, आणि मरेपर्यंत रोजचा शिधा. पुस्तक संपलं! आमचे पाळकसाहेब म्हणाले, "शेवट गोड केलाय." मला पटलं नाही.

मी ३१ वर्षं तालुक्याच्या पुरवठा शाखेत काढली. मयताचा दाखला आला की नावावर लाल शाईची रेघ मारायची, त्याला आम्ही 'नाव कमी करणं' म्हणायचो. शिधा चालू आहे म्हणजे नाव कमी झालेलं नाही. यातच देवाचा विश्वासूपणा आहे असं म्हटलं तर फार ताणल्यासारखं होईल का?

वाचनवेडी
काका, ती नोंदवही सापडलीय! बाबेलच्या राजवाड्यात जर्मन पुरातत्त्वज्ञ कोल्डवेच्या उत्खननात मातीच्या पाट्या मिळाल्या. १९३९ साली प्राचीन लिपीचे अभ्यासक वाइडनर यांनी त्यातल्या काही वाचून छापल्या, त्या आता बर्लिनच्या संग्रहालयात आहेत. यहूदाच्या राजाला तेल, आणि 'यहूदाच्या राजाच्या पाच पुत्रांना अडीच सिला' अशी नोंद आहे. सिला म्हणजे साधारण लिटरभर. गंमत म्हणजे एका पाटीवर इ.स.पू. ५९२ चं साल आहे. सुटका झाली ५६१ च्या सुमारास. म्हणजे शिधा तीस वर्षं आधीपासून चालू होता.

शंकेखोर
जरा सबुरीनं. याच पाट्यांवर अश्कलोन या शहराच्या राजपुत्रांची नावं आहेत, सोर शहराचे खलाशी आहेत. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर सगळ्याच ओलिसांना पोसत होता. मग अश्कलोनच्या पोरांशी कोण विश्वासू होतं? आणि सुटकेची तारीख २ राजेमध्ये महिन्याची २७, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात (अध्याय ५२) २५. तपशिलात शिरायचं तर हेही घ्या.

शब्बाथशाळेच्या बाई
तारखेचं असू द्या, नकलनविसाच्या हातून होतं. यिर्मया २२ काढा. तिथे देव म्हणतो, कोन्या (हाच यहोयाखीन) माझ्या उजव्या हातातली मुद्रा (शिक्क्याची अंगठी) असता तरी उपटून टाकला असता. वचन ३० मध्ये तर, हा माणूस निःसंतान म्हणून लिहून ठेवा! आता हाग्गय २:२३ वाचा. त्याचाच नातू जरुब्बाबेल, आणि देव म्हणतो, तुला मुद्रेसारखा करीन. मत्तय १:१२ मध्ये हीच माणसं येशूच्या वंशावळीत आहेत. आम्ही मुलांकडून ती वंशावळ घोकून घेतो, पण मुद्रा कधी दाखवत नाही. चूक आमचीच.

निवृत्त कारकून
बाई, वचन ३० काल रात्री दोनदा वाचलं. त्याचा रोख गादीवर आहे, त्याच्या वंशातला कोणी तिथे बसणार नाही, आणि तसंच झालं. जरुब्बाबेल सुभेदार झाला, राजा नाही. म्हणजे शिक्षा मागे घेतली नाही, पण शिधाही तोडला नाही. मला हे दोन्ही एकत्र सांगायचंय.

शंकेखोर, अश्कलोनच्या पोरांचं उत्तर माझ्याकडे नाही. गुरुवारी कुणी विचारलं तर तसंच सांगेन.

बाकी हिशेब करून पाहिला. पाच पोरं, अडीच सिला, माणशी अर्धा. बाबेलच्या त्या कारकुनाला यिर्मयाशी काय देणंघेणं? एक जण निःसंतान लिहा म्हणतोय, आणि यानं समोर पाच दिसली तशी पाच मांडली.