अॅलिसला दूर ठेवलं ते फिलिपच्या भल्यासाठीच?

'द क्राउन' या ब्रिटिश राजघराण्यावरच्या मालिकेच्या तिसऱ्या पर्वातल्या अॅलिसबद्दल, म्हणजे राणी दुसऱ्या एलिझाबेथचा नवरा फिलिप याच्या आईबद्दल, एका चर्चेत म्हटलंय की आई भ्रमिष्ट असताना घरच्यांनी लहान फिलिपला तिच्यापासून दूर ठेवलं, त्यात मुलाचीच सुरक्षितता होती. निम्मं पटतं. तिला उपचारांची गरज होती. आपल्याला दैवी संदेश येतात, आपल्या हातात रोग बरे करण्याची शक्ती आहे असं तिला वाटत होतं. पण ते कसं केलं गेलं, हे या चर्चेत आलेलंच नाही. १९३० साली मुलं दिवसभरासाठी बाहेर गेलेली असताना तिला तिच्या मनाविरुद्ध स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगनच्या मनोरुग्णालयात नेलं. परतल्यावर आई घरात नाही! फिलिप तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा.

पुढचं तर मला अजूनच छळतं. १९३२च्या उन्हाळ्यापासून १९३७च्या वसंतापर्यंत त्याला आई भेटली नाही, तिचं पत्रही नाही. वडील बहुतेक दूरच, चारही बहिणी लग्न होऊन जर्मनीत. आईच्या आजारापासून मूल वाचवताना त्याला काही समजावून सांगणारं कुणी उरलं का? मालिकेतला फिलिप आईला राजवाड्यात आणायला कचरतो, तो मला म्हणूनच निष्ठुर वाटत नाही.