गुरुत्व आणि जडत्व: दोन्हींचा अर्थ 'जडपणा'च का?

प्रश्न: मुलीचा विज्ञानाचा अभ्यास घेताना अडलो. 'जडत्व म्हणजे काय' याचं उत्तर तिने 'वस्तूचा जडपणा' असं लिहिलं आणि ते चूक ठरलं. पण गुरु म्हणजेही जडच ना? मग गुरुत्व आणि जडत्व यांत फरक काय उरला? आणि 'गुरुत्वाकर्षण' एवढा लांब शब्द कशासाठी, नुसतं 'आकर्षण' का नाही?

उत्तर: मुलीला दोष देऊ नका. गोंधळ 'जड' या शब्दानेच घातलाय. संस्कृतात जड म्हणजे थिजलेलं, चेतना नसलेलं, कुणी हलवल्याशिवाय न हलणारं. जडवाद, जडबुद्धी, जड-चेतन यांत तोच अर्थ आहे. वजनदार हा अर्थ मराठीत रुळला आणि आता रोजच्या बोलण्यात तोच आधी मनात येतो. परिभाषा घडवणाऱ्यांनी मात्र जुना अर्थ उचलला. तापात जीभ जड होते तेव्हा तिचं वजन वाढलेलं नसतं, ती हलेनाशी होते. हे उदाहरण मुलीला सांगून बघा. जडत्व म्हणजे हे: थांबलेलं थांबून राहू पाहतं आणि चाललेलं चालतच राहू पाहतं.

गुरु या शब्दात मात्र खरोखरच वजन आहे. छंदातले लघु-गुरु आठवा. गौरव म्हणजे मुळात जडपणाच, आणि त्याच्या उलट लाघव, हलकेपणा. हस्तलाघव त्यातूनच आलं. इंग्रजी ग्रॅव्हिटी ज्या लॅटिन 'ग्रॅव्हिस'वरून आला, तो तर आपल्या गुरूचा सख्खा भाऊ. त्यामुळे हा पारिभाषिक शब्द मला फार नेमका वाटतो.

आता लांबीबद्दल. नुसतं आकर्षण म्हटलं तर चुंबकाचं की विद्युतभाराचं, हे कळणार नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे या जोडशब्दात दोन वेगळे विचार एकत्र आलेत. न्याय आणि वैशेषिक या जुन्या भारतीय दर्शनांच्या मते गुरुत्व हा पडणाऱ्या वस्तूच्या अंगचा गुण. 'तर्कसंग्रह' या त्यांच्या पाठ्यग्रंथात त्याची व्याख्या पहिल्या पतनाचं कारण अशी आहे. 'पहिल्या' हा शब्द मुद्दाम घातलाय, कारण पुढचं पडणं ते वेगावर सोपवतात. यात पृथ्वी काहीच ओढत नाही. भास्कराचार्यांनी 1150 साली 'सिद्धान्तशिरोमणी'त लिहिलं की पृथ्वीच्या ठायी आकृष्टिशक्ती आहे, आकाशातली गुरु वस्तू ती स्वतःकडे खेचते, आणि ती वस्तू 'पततीव भाति', म्हणजे पडल्यासारखी भासते. 'भाति' हे क्रियापद वाचून मी दरवेळी थांबतो. गुरु आणि आकृष्टी असे दोन्ही शब्द एकाच श्लोकात आहेत. पडणारी वस्तूही पृथ्वीला तेवढ्याच बलाने ओढते, हा परस्परपणा मात्र तिथे नाही. तो 1687 साली न्यूटनने मांडला.

तुमच्या मूळ शंकेत एक खोल गोष्ट दडली आहे. गुरुत्व आणि जडत्व हे अर्थाने वेगळे असले तरी दोन्ही वस्तुमानाच्याच प्रमाणात वाढतात. दुप्पट वस्तुमानाचा दगड पृथ्वी दुप्पट जोराने ओढते, पण तो हलायला नाखूशही दुप्पट असतो. म्हणून हवेचा अडथळा नसेल तर सगळ्या वस्तू सारख्याच पडतात. 1971 साली अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस सोडलं, दोन्ही एकदमच खाली पोचली.

आणखी एक शंका: याला जोडूनच विचारते. शिलावरण, जलावरण, वातावरण यांत आवरण, पृथ्वीच्या पोटात प्रावरण, आणि मधोमध गाभा. प्रावरण म्हणजे काय? आणि भूगर्भ व गाभा एकच ना?

उत्तर: प्रावरण तुम्हाला ठाऊक आहे, 'वस्त्रप्रावरणे' या जोडशब्दातून. अंगावर पांघरायचं वस्त्र. पृथ्वीच्या कवचाखाली, गाभ्याभोवती पांघरलेला खडकाचा थर तो. इंग्रजीतल्या 'मँटल'चाही मूळ अर्थ तोच, झगा.

गाभा हा गर्भ शब्दाचाच मराठी अवतार. केळीच्या खांबाचा गाभा, देवळाचा गाभारा त्याच घरातले. पण भूगर्भ आणि गाभा यांच्या वापरात जमीन-अस्मानाचं अंतर पडलंय. 'भूगर्भातलं पाणी' म्हणतो तेव्हा ते फार तर काहीशे मीटर खाली असतं. पृथ्वीचा गाभा सुरू होतो सुमारे 2,900 किलोमीटरवर. माणसाने खणलेलं सगळ्यात खोल छिद्र रशियातल्या कोला इथलं, 12,262 मीटर. खंडांखालचं कवच साधारण 30 ते 40 किलोमीटर जाड, तेही त्यातून पार झालं नाही. म्हणून पाण्यासाठी मी 'भूजल' लिहितो.

या शब्दांचा गुरुत्वाशी थेट संबंध आहे. गढूळ पाणी भांड्यात ठेवून द्या: खडे आधी तळाला, मग वाळू, मग गाळ, वर निवळ पाणी. पृथ्वी वितळलेली होती तेव्हा असंच झालं. लोह आणि निकेल तळाला, म्हणजे केंद्राकडे गेले. हलका खडक वर राहिला. गाभ्याची घनता पाण्याच्या 10 ते 13 पट, कवचाची पावणेतीन पटीच्या आसपास. त्यावर पाणी, त्यावर हवा. वैशेषिकांनी वायूला गुरुत्व नाकारलं होतं, पण समुद्रसपाटीला एका चौरस मीटरवर हवेचा भार सुमारे 10 टन असतो.

'आवरण' शब्दाची एक खोट आहे. गोधडीवर गोधडी टाकून सगळं स्वस्थ पडलंय, असं त्यातून वाटतं. प्रत्यक्षात सगळं ढवळत असतं. त्यासाठी आपल्याकडे 'अभिसरण' हा सुंदर शब्द आहे, रक्ताभिसरणातला. तापलेलं हलकं होऊन वर येतं, थंड झालेलं जड होऊन खाली जातं. वारे असेच वाहतात. ध्रुवांजवळ गार आणि खारट झालेलं पाणी असंच समुद्राच्या तळाला बुडतं. प्रावरणाचा घन खडकही वर्षाला काही सेंटिमीटर असा सरकतो. हो, घनच. प्रावरण म्हणजे लाव्हारसाचा समुद्र, ही समजूत काढून टाका. द्रवरूप आहे तो बाह्यगाभा.

आणि गुरुत्वाचा भार जाणवेनासा झाला तर हे अभिसरण बंदच. अवकाशस्थानकात पेटवलेली ज्योत निमुळती होत नाही, निळसर गोळा होऊन राहते, कारण तिथे तापलेल्या हवेला 'वर' नसतं.

त्यावर शंका: म्हणजे तिथे शून्य गुरुत्व असतं, बरोबर?

उत्तर: नाही, आणि हा शब्द वर्तमानपत्रांनी सोडावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्थानक फिरतं त्या 400 किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असते. स्थानक आणि आतली माणसं सारखीच, सतत पडत असतात, म्हणून कुणाचा भार कुणावर येत नाही. 'भारहीनता' म्हणा. भास्कराचार्यांच्या श्लोकात वस्तू पडल्यासारखी भासते. इथे ती खरंच पडतेय आणि तरंगल्यासारखी भासते.