दुर्बिणीआधी ‘ओपन’ शस्त्रक्रिया यायलाच हवी का?

धागाकर्ता:
डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हा त्या पिढीचे हात पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियांवर तयार झालेले होते. आजच्या निवासी डॉक्टरांना ती संधी क्वचितच मिळते. पित्ताशय सुजून आजूबाजूला चिकटलेले असते, रक्तस्राव आवरत नाही आणि पोट उघडावेच लागते, तेव्हा सर्वांत अवघड रुग्णावर त्यांना जवळजवळ पहिलीच ओपन शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून तिचे प्रशिक्षण सक्तीचे असावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १:
असहमत. या शस्त्रक्रियेत यकृतातले पित्त आतड्यात नेणारी मुख्य पित्तनलिका चुकून कापली जाते ती बहुधा तिलाच पित्ताशयाची नलिका समजल्यामुळे, आणि पोट उघडल्याने हा दृष्टिभ्रम आपोआप दूर होत नाही. शल्यचिकित्सक स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेला दंडक इथे खरा कामाचा आहे: चरबी व तंतू साफ करावेत, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडवावा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना (त्याची नलिका व धमनी) स्पष्ट दिसल्याखेरीज क्लिप लावू नये. तसे दिसतच नसेल, तर पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवून पोट न उघडता दुर्बिणीतूनच शस्त्रक्रिया संपवता येते. केवळ शिकण्यासाठी रुग्णाला मोठा छेद देणे मला अनैतिक वाटते.

धागाकर्ता:
तसे मी सुचवलेलेच नाही. अपघातातील जखमी आणि आतडे फुटलेले रुग्ण यांच्यासाठी पोट आजही उघडले जाते. तिथे निवासी डॉक्टराला नुसते जखमेच्या कडा ओढून धरण्याचे साधन (रिट्रॅक्टर) हाती देऊन उभे न करता ज्येष्ठांच्या देखरेखीखाली हात चालवू द्यावा. यकृतातून रक्त उसळत असताना त्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दोन बोटांत दाबून धरणे, ही शल्यचिकित्सक प्रिंगल यांनी १९०८ मध्ये सांगितलेली युक्ती पडद्याकडे पाहून बोटांत उतरत नाही.

प्रतिसाद २:
ओपन पद्धत केवळ अडचणीतली वाट आहे, हे गृहीतकच मला मान्य नाही. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोगावरील २०१८ च्या मोठ्या चाचणीत लहान छेदांतून शस्त्रक्रिया झालेल्या गटात ओपन गटापेक्षा रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले.

प्रतिसाद १:
तो निष्कर्ष त्या कर्करोगापुरता आहे. पित्ताशयाला तो लावू नये. देखरेखीखाली हात चालवू देण्याची सूचना मात्र मान्य. फक्त त्यासोबत, अडल्यावर दुसऱ्या अनुभवी शल्यचिकित्सकाला वेळेत बोलावण्याची सवयही तितक्याच सक्तीने लावावी.