पासशिवाय ५५० गुण कसे?
प्रश्न असा की अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हाताने पुढे फेकायला (म्हणजे पुढे पास टाकायला) बंदी असताना मिशिगन विद्यापीठाच्या संघाने १९०१ च्या हंगामात सगळे सामने मिळून ५५०-० अशी बेरीज कशी केली. खरं उत्तर वेगात आहे. तेव्हा तीन प्रयत्नांत फक्त ५ यार्ड काढले की चेंडू आपल्याकडेच राही. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांचे खेळाडू जमिनीवरून उठता उठताच पुढच्या चालीचा इशारा देत, त्यामुळे समोरच्यांना रांग लावायलाही वेळ मिळत नसे. बफेलोच्या संघाविरुद्धचे १२८-० याच घाईचं फळ!

आकडे वाचताना एक काळजी घ्या. तेव्हा टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेण्याला) ५, त्यानंतरच्या किकला १ आणि फील्ड गोललाही (खेळ चालू असताना चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारण्याला) ५ गुण होते. टचडाउनचे ६ गुण १९१२ पासून झाले, आणि फील्ड गोलला आज ३ गुण आहेत. १ जानेवारी १९०२ ला कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघावर मिळवलेला ४९-० विजय म्हणजे ८ टचडाउन, ४ किक, १ फील्ड गोल. आजच्या हिशोबाने ५५. त्यातले ५ टचडाउन मिशिगनच्या एकट्या नील स्नोचे. मिशिगनने त्या दिवशी एकही बदली खेळाडू उतरवला नाही, आणि ही दमछाक सोसण्याची ताकद मला गुणांपेक्षा मोठी वाटते. वेळ शिल्लक असतानाच स्टॅनफर्डने सामना सोडला.