अनुभव धागा: मार खाल्लेलं राज्य तुम्ही परत कसं उभं केलंत?

रामबागवाला (धागाकर्ता)

मंडळी, परवा सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता आमच्यात जुंपली. एक जण म्हणे स्ट्रॅटेजी गेममध्ये फौज संपली की खेळ संपला, क्विट मारायचं न् नवा गेम लावायचा. मला हे पटतच नाही भिया. जिंकत असताना कोणीही खेळेल, तिजोरी रिकामी, माणसं संपलेली, शेजारी टपलेले, मजा तर तिथून पुढे आहे. तर आपापले किस्से टाका, कुठलाही गेम चालेल. चीट कोडवाल्यांनी फक्त वाचावं.

सुरुवात मीच करतो. युरोपा युनिव्हर्सालिस फोर (एक देश घेऊन त्याचं राज्य चालवायचा कॉम्प्युटर गेम), देश माळवा (इंदूरचा माणूस दुसरं काय घेणार). ११ नोव्हेंबर १४४४ ला गेम सुरू होतो, राजधानी मांडू, एका बाजूला गुजरात, वर मेवाड, खाली बहमनी. गुजरातने पहिल्याच फुरसतीत धरलं आणि मी तिकडे अडकलोय बघून मेवाड मागून आला. मॅनपॉवर (फौजेत भरायची माणसं) शून्य, कर्जावर कर्ज, वॉर एक्झॉशन (लढाईचा थकवा) इतकं चढलं की प्रांताप्रांतात बंड. मग आधी मेवाडला एक प्रांत देऊन वाटेला लावलं, कारण तह झाला की कमीत कमी पाच वर्षं आणि जास्त लचका तोडून दिला असेल तर पंधरापर्यंत तो शांत बसतो. गुजरातसाठी भाडोत्री उभे केले, त्यांची माणसं आपल्या मॅनपॉवरमधून जात नाहीत, पैसा जातो, आणि पैसा तर आधीच उधारीचा होता म्हणून बिनधास्त. कशीबशी बरोबरी झाली.

खरं काम यानंतरचं. भाडोत्री त्याच महिन्यात सोडले, आतले किल्ले मॉथबॉल (खर्च वाचवायला तात्पुरते बंद), फौजेच्या खर्चाचा स्लायडर खाली, उरलेला सगळा महसूल कर्जात. ७५ डिप्लो पॉइंट (मुत्सद्देगिरीचे गुण) टाकले की वॉर एक्झॉशन दोनने उतरतं, ते सगळ्यात आधी. मॅनपॉवर रिकामी झाली की पूर्ण भरायला दहा वर्षं लागतात, म्हणजे तह संपायच्या आत आपली भरते की नाही एवढाच हिशोब. आणि गुजरातचीही तितकीच रिकामी असते बरं का. लेजर (गेममधली आकड्यांची वही) उघडून बघत जा, शत्रूचे आकडेही दिसतात तिथे. मला दिसलं की तो बहमनींवर गेलाय न् तिकडेच सडून राहिलाय, तेव्हा तह संपल्या संपल्या सुरत घेतलं.

एबीरोड_एक्स्प्रेस

एज ऑफ एम्पायर्स टू. १९९९ चा गेम आहे पण आमच्या ग्रुपवर अजून रोज रात्री चालू असतो. समोरच्याचे नाइट (घोडेस्वार) घुसले, मी घंटा वाजवून गावकरी आत घेतले तरी टाऊन सेंटर (गावाची मुख्य इमारत) गेलंच. नवीन बांधायला २७५ लाकूड आणि १०० दगड लागतात म्हणून ते शंभर दगड मी कधीच भिंतीत घालत नाही, काहीही होवो. सोन्याच्या खाणी सगळ्या त्याच्याकडे. मी शेतं लावली, लाकूड तोडलं आणि सोनं न लागणारी फौज काढली, भालेवाला ३५ अन्न न् २५ लाकूड, स्कर्मिशर (लांबून भाला फेकणारा) २५ अन्न न् ३५ लाकूड. त्याचा एक नाइट ६० अन्न आणि ७५ सोन्याचा. वन ऑन वनमध्ये व्यापाराला मित्रच नसतो, खाण आटली की आटली, आणि दोन रेलिक (पवित्र अवशेष) माझ्या मठात, एकेक मिनिटाला तीस सोनं देत बसलेले. चाळीसेक मिनिटांनी तोही भालेच काढत होता, फक्त त्याच्याकडे शेतं नव्हती.

राजेंद्रनगर_काकू

पोरांनो, मला तुमचं कॉम्प्युटरचं कळत नाही पण आमच्याकडे भाचरं आली की रिस्क होतो, तो जगाच्या नकाशावरचा पटावरचा खेळ. त्यात कितीही मार खा, एक देश उरला तरी दर पाळीला तीन सैनिक मिळतातच. ते तीन नुसते भिंतीसारखे उभे करायचे नाहीत, दर पाळीला एक तरी कमजोर देश घ्यायचा, कारण त्याशिवाय कार्ड मिळत नाही. कार्डांचा पहिला संच चार सैनिकांचा, मग सहा, आठ, असा चढत जातो, पुढे पंधरा-वीस होतो, आणि तोवर मोठ्या भाच्याचं सगळं लक्ष आशियावर. मात्र हातात जास्त कार्डं साठवू नका, तुम्हाला संपवणाऱ्याला ती सगळी मिळतात, म्हणजे तुमची शिकारच होते.

जुनी_इंदूर

हार्ट्स ऑफ आयर्न फोर (दुसऱ्या महायुद्धाचा गेम), सोव्हिएत. मोठी फौज कीव्हजवळ वेढ्यात गेली. सगळे म्हणतात रशियाकडे माणसं अमाप, असतील, पण रायफली कुठायत? भरतीचा कायदा बदलायला १५० पॉलिटिकल पॉवर (सरकारी निर्णयांचे गुण) जाते, लोकसंख्येच्या पाच टक्क्यांवरून दहावर गेलो, वीस आणि पंचवीसवाले पर्यायही आहेत पण माणसं काढली की कारखाने मंदावतात न् मग फौज बिनहत्याराची. म्हणून दहावरच थांबलो, विमानं बनवणं बंद, सगळं रायफली आणि तोफांवर, प्रत्येक डिव्हिजनला फील्ड हॉस्पिटल, त्याने जखमींमधली बरीच माणसं परत मिळतात. मॉस्को वाचवलं. खरंही असंच झालेलं, १९४१ मध्ये दीड हजारांवर कारखाने उचलून पूर्वेला नेले होते, चेल्याबिन्स्कला लोक टँकोग्राड म्हणायला लागले.

छत्रीबाग_कट्टा

सगळं ठीक, पण आपल्या गावचा किस्सा कोणत्याच गेमला जमलेला नाही. ऑक्टोबर १८०१ ला शिंद्यांच्या फौजेने इथे यशवंतराव होळकरांना हरवलं, इंदूर लुटलं. गेममध्ये राजधानी गेली म्हणजे वॉर स्कोअर (युद्धात कोण वरचढ त्याचे गुण) गेला, तह कर न् बस. हा माणूस वर्षभरात पुण्यात, २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला शिंदे आणि पेशवे दोघांच्या फौजा एकत्र असताना हरवल्या. ना दहा वर्षं मॅनपॉवर भरायची वाट, ना स्लायडर.

रामबागवाला

@छत्रीबाग मान्य, पण ती फौज लुटीवर आणि खंडणीवर चालत होती, पगार थकला की पांगणारी. युरोपा गेममध्ये प्रांत लुटून पैसे मिळतात पण एकदा लुटला की तिथे बराच काळ काही उरत नाही, हे मला खरं वाटतं. भानपुऱ्याला तोफा ओतायचं काम यशवंतरावांनी नंतर काढलं, ते आधी झालं असतं तर वेगळी गोष्ट.

छत्रीबाग_कट्टा

आधी काढायला जागा कुठे होती भाऊ, गावच हातात नव्हतं. बरं, तुझा युरोपा गेम १८२१ पर्यंत चालतो ना? मग १८०१ पासून कोणी होळकर घेऊन खेळलंय का ते सांगा, मी शनिवारी लावून बघतो.