मदत हवी आहे: स्प्लेंडरचा चावीचा स्विच सीटखाली न्यायचाय

मंडळी, जुनी एसी सीडीआयवाली स्प्लेंडर आहे (सीडीआय म्हणजे प्लगला ठिणगी देणारा डबा; एसी म्हणजे त्याला करंट बॅटरीतून नाही, इंजिनच्या कॉइलमधून मिळतो). मीटरचा डबा काढून छोटा गोल मीटर बसवतोय, त्यामुळे चावीच्या स्विचला पुढे जागाच उरत नाही. डाव्या साइड कव्हरजवळ पट्टी वेल्ड करून तिथे बसवायचा विचार आहे. हँडल लॉक वेगळं आहे, ती अडचण नाही.

वायरिंग मला कळलंय ते असं: लाल बॅटरीकडून, काळी पुढे सगळ्यांना करंट देणारी. काळी-पांढरी सीडीआयची, चावी बंद केली की ती हिरव्या अर्थला जोडली जाते आणि इंजिन बंद पडतं. म्हणजे काळ्या-पांढऱ्याचं इन्सुलेशन कुठे घासून फ्रेमला लागलं तर गाडी चालताचालता बंद, आणि ती तुटली तर चावी काढूनही इंजिन चालूच! म्हणून या वायरची धास्ती जास्त.

आता प्रश्न. हेडलाइटमधल्या कपलरपासून (वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड) चारही वायरी टाकीखालून मागे वाढवू, की लाल आणि काळी मागेच हार्नेस (गाडीच्या वायरींचा मूळ जुडगा) सोलून पकडू? दुसऱ्यात वायर वाचते, पण मूळ हार्नेस कापायला हात धजत नाही. मेकॅनिक म्हणतो, पीळ मार आणि टेप गुंडाळ. मला ते पटत नाही; सोल्डर करून हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवणार आहे. की कंपनामुळे क्रिंपच (पक्कडीने दाबून केलेला जोड) बरं?

शिवाय कोकणातल्या पावसात बाजूला तोंड केलेल्या स्विचमध्ये पाणी जातं का? कुणी रबरी झाकणवाला बसवलाय का? फोटो असेल तर टाका प्लीज.