अपूर्ण दुखापतीत रोबोटवर चालवणं : उपयोगाचं की वेळखाऊ?

गतिरोधक : मज्जारज्जूची दुखापत अपूर्ण, सी किंवा डी श्रेणीची (दुखापतीखाली थोडी ते बरीच हालचाल शिल्लक) असेल तर रुग्णाला लोकोमॅटवर, म्हणजे ट्रेडमिलवर पाय हलवून चालवणाऱ्या रोबोटवर, चढवू नये, या मताचा मी आहे. पट्टे बांधण्यातच १५-२० मिनिटं जातात. मोटर फक्त खुब्याला आणि गुडघ्याला. घोट्याचं काम पाऊल उचलून धरणाऱ्या पट्ट्यावर सोडलेलं. वळणं नाही, तोल सावरणं नाही. २०११ मध्ये फील्ड-फोट आणि रोच यांनी चार पद्धती ताडून पाहिल्या. चालण्याचं अंतर सर्वांत जास्त वाढलं ते विद्युत उत्तेजन देऊन जमिनीवर चालवलेल्यांचं.

दोन_पावलं : असहमत. त्या रुग्णांच्या दुखापतीला वर्ष उलटून गेलं होतं. ताज्या दुखापतीला तोच निकष कशाला? आणि हिशेब करा ना. ताशी दीड किमी वेगाने अर्ध्या तासात ७५० मीटर, म्हणजे दीड हजारांवर पावलं. सी श्रेणीचा माणूस समांतर दांड्यांमध्ये एवढी टाकेल? हाताने करायचं तर दोन पायांना दोघं, कमरेला तिसरा, आणि दहा मिनिटांत तिघांच्याही पाठीचे बारा वाजतात.

गतिरोधक : पावलं टाकतंय कोण पण? यंत्रच ना!

खुंटी_पिळणारा : दोघंही सेटिंगबद्दल बोलतच नाही आहात. गायडन्स, म्हणजे यंत्र पायाला किती ओढून नेतं ते प्रमाण, १०० टक्क्यांवर ठेवला तर गतिरोधक यांचं म्हणणं खरं. २००६ च्या एका अभ्यासात रुग्णांना यंत्राबरोबर नुसतं चालायला सांगितलं तेव्हा स्नायूंचं काम कमी भरलं. पूर्ण जोर लावायला सांगितल्यावर फरक बराचसा मिटला. म्हणून गायडन्स दहा-दहा टक्क्यांनी उतरवा आणि तोंडाने सतत सांगत राहा.

वजनाचा आधार, म्हणजे शरीराचं जेवढं वजन हार्नेस (अंगाला बांधलेला पट्टा) उचलून धरतो तो, ४०-५० टक्क्यांपासून सुरू करा. भार पडताच गुडघा मोडत असेल तर वाढवा, पण टाच नीट टेकेनाशी होईल इतका नको. तळव्याला भारच कळला नाही तर मज्जारज्जूला काय कळणार?

घात होतो तो बांधणीत. यंत्राचा सांधा गुडघ्याच्या सांध्यासमोर आला नाही की पायाभोवतीचा कफ (पट्टा) नडगीवर घासतो, आणि संवेदना नसली तर रुग्ण बोलत नाही. सुटल्यावर त्वचा बघा. अर्ध्या तासाने लाली ओसरली नाही तर उद्या पट्टे बांधू नका. आचके येऊन यंत्र वारंवार थांबत असेल तर आधी लघवीची नळी तपासा, हार्नेसखाली ती हमखास मुडपते. दुखापत टी६ (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्याच्या वरची असेल तर यातूनच रक्तदाब उसळतो. डोकं ठणकतंय म्हटलं की यंत्र बंद, पट्टे सैल, रुग्णाला ताठ बसवा, नळी मोकळी करा आणि रक्तदाब मोजत राहा.

दोन_पावलं : +१. जमिनीवर कधी उतरवायचं तेही सांगून टाका.

खुंटी_पिळणारा : आधार आणि गायडन्स दोन्ही ३० टक्क्यांखाली येऊनही गुडघा टिकतोय? त्याच दिवशी १० मीटर चालवून वेळ मोजा.

गतिरोधक : सरळ रेषेत १० मीटर! खुर्चीतून उठून, वळून, परत येऊन बसायला लावा, मग बोलू.